स्टिअरिंगवर नसलेली लाल वायर

प्रिय साहेब,

दचकू नकोस, तुझी आईच लिहितेय. तुझ्या डेपोत शिपायापासून ड्रायव्हरपर्यंत सगळे तुला साहेब म्हणतात, म्हटलं आपणही म्हणून बघावं. बाळ म्हणायला आज माझी जीभ वळत नाही. इकडील सर्व क्षेम वगैरेही लिहीत नाही, कारण इकडे क्षेम नाही आणि ते तुला चांगलं माहीत आहे. फोन का नाही केला असं विचारशील. फोनवर तू मीटिंगमध्ये असतोस, नंतर बोलतो म्हणतोस, आणि तुझं ते नंतर गेल्या पाच आठवड्यांत एकदाही उजाडलेलं नाही. कागद निदान मध्येच कट होत नाही.

पाच आठवड्यांपूर्वीच्या त्या मंगळवारी संध्याकाळी मात्र तू आपणहून फोन केला होतास. मिस्त्रीकाकांना थोडं लागलंय, काळजीचं काही नाही, असं म्हणालास आणि लगेच माझ्या मोतीबिंदूची चौकशी करायला लागलास. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण माझ्या मोतीबिंदूची तुला एरवी आठवण नसते. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात जाऊन ते तुझं थोडं मी बघितलं. डाव्या हाताच्या बोटांपासून कोपरापर्यंत नुसती पट्टी. आता पट्ट्या कमी झाल्यात, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं मिटत नाहीत. डावखुऱ्या वायरमनची तीन बोटं, साहेब! डॅशबोर्डखाली हात घालून, न बघता, रिलेची कुठली पिन कुठे आहे ते सांगणारी बोटं होती ती. आता त्यांना शर्टाचं बटण लावता येत नाही. त्याची बायको लावून देते आणि तो तोवर भिंतीकडे बघत राहतो.

एवढं कमी पडलं म्हणून की काय, सोमवारी अकरा वाजता चौकशी आहे, तीही ज्याचा हात गेला त्याचीच. तुझा रिपोर्ट मी वाचला. युनियनच्या सेक्रेटरीने प्रत आणून दिली. 'सदर कर्मचाऱ्याने बसच्या एसीचा प्रेशर स्विच स्वतः डायरेक्ट करून ठेवला व तो पूर्ववत करण्यास विसरला. छतावर चढण्यापूर्वी स्विचची तपासणी न केल्यामुळे अपघात त्याच्याच निष्काळजीपणाने घडला.' खाली तुझी सही. किती नीट, किती मोजकं लिहितोस रे! हे चौकशीत शाबीत झालं की त्याची नोकरी जाईल, आणि जाताना निष्काळजी हा शिक्का कपाळावर घेऊन जाईल. तो शिक्का असलेल्या वायरमनला कुठलं गॅरेज दारात उभं करतं? बावीस वर्षं माझ्या गाड्यांच्या एसीच्या दुकानात, नंतर नऊ वर्षं तुझ्या डेपोत, आणि या एकतीस वर्षांत त्याने जोडलेली एक तार कधी सुटून परत आली नाही. तुझ्या शब्दावर तो तिथे आला होता. माझे हात थरथरायला लागले, दुकान बंद केलं, तेव्हा काका माझ्याकडे चला म्हणून तूच त्याला घेऊन गेलास. त्या दिवशी मला तुझा किती अभिमान वाटला होता ते आता आठवलं तरी माझाच मला राग येतो.

प्रेशर स्विच काय असतो हे मी तुला सांगायला नको. पण खुर्चीत बसलं की माणसं हाताची कामं विसरतात, म्हणून सांगते. गाडीच्या एसीत गॅसचा दाब वाढायला लागला की तो स्विच आधी कंडेन्सरचे पंखे सुरू करतो, म्हणजे तापलेला गॅस थंड व्हावा. पंखे असूनही दाब चढतच राहिला, तर तो कॉम्प्रेसरच बंद पाडतो. चार तारांचा एवढासा तुकडा, पण माणसाचा जीव त्याच्यावर असतो. पंखे फिरत नाहीत म्हणून एसी सारखा बंद पडत असेल, तर पंखे दुरुस्त करायचे असतात. ते सोडून स्विचच्या दोन तारा एकमेकींना जोडून त्याला डायरेक्ट करायचं, म्हणजे कुकरच्या शिट्टीवर वरवंटा ठेवून बाजारात निघून जायचं.

आपल्या दुकानात डायरेक्ट करायला बंदी नव्हती. फॉल्ट शोधताना करावंच लागतं. पण त्याची रीत होती आणि ती रीत माझ्याच चुकीतून आली होती. तुझे बाबा गॅस भरायचे, मी वायरिंग करायचे. एकदा मी स्विच डायरेक्ट केला, जेवायला उठले, विसरले, आणि त्यांच्या कानाजवळ पाइप फुटला. पुढे आठ दिवस त्यांना त्या कानाने ऐकू येत नव्हतं. ते म्हणायचे, बरं झालं, एका बाजूने तरी शांतता. मी मात्र हसले नाही. त्या दिवसापासून ठरलं की डायरेक्ट करायची वायर लालच हवी, हातभर लांब लोंबती हवी, आणि तसलाच दुसरा लाल तुकडा ज्याने जोड केला त्याने स्वतः स्टिअरिंगला गाठ मारून बांधायचा. स्टिअरिंगवर लाल दिसलं की गाडीला कोणी हात लावायचा नाही आणि गाडी दुकानाबाहेर जायची नाही. लाल दिसलं नाही तर स्विच जागेवर आहे असं डोळे मिटून समजायचं. गिऱ्हाइकं हसायची, गाडीला नजर लागू नये म्हणून बांधलंय का विचारायची. हसू देत. त्यानंतर कोणाच्याही कानाजवळ पाइप फुटला नाही. तू डेपोचा प्रमुख झालास आणि तिथेही हीच रीत लावलीस, तेव्हा मिस्त्री मुद्दाम मला सांगायला आला होता. बाई, आपली लाल वायर डेपोत आली बरं का, म्हणाला. त्याचा चेहरा असा होता की जणू त्याचाच सत्कार झालाय.

आता त्या बसचं. तिच्या छतावरचे पंखे शनिवारपासून फिरत नव्हते. दाब चढायचा, स्विच कॉम्प्रेसर तोडायचा, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू, पुन्हा बंद. उकाड्याचे दिवस, प्रवासी ड्रायव्हरवर ओरडत होते, ड्रायव्हर तुझ्यावर. स्विच बिचारा स्वतःचं काम करत होता. छताचं झाकण काढून बघायचं तर गाडी अर्धा दिवस उभी ठेवावी लागली असती, आणि तुझ्या भिंतीवरच्या तक्त्यात त्या महिन्यात एकही गाडी उभी नव्हती. त्या तक्त्याचा फोटो तू मला पाठवला होतास, आठवतंय? मीही वेडी, अंगठा वर करून पाठवला. अरे, नंतर झाकण काढलं तेव्हा काय निघालं? पंख्याच्या रिलेची अर्थची तार ज्या बोल्टखाली होती तो बोल्ट गंजलेला. कानस मारायची, बोल्ट आवळायचा, काम संपलं. एवढ्यासाठी एका माणसाचा हात गेला. मला रात्री झोप लागत नाही ती या बोल्टामुळे. मोठं काही बिघडलं असतं तर निदान मनाची समजूत घातली असती.

पंखे बंदच होते, म्हणून मंगळवारी गाडी मिस्त्रीकडे आली. त्याने काय केलं ते त्याने मला हॉस्पिटलात सांगितलं. खरं तर एकच वाक्य तीन वेळा सांगितलं. बाई, मी आधी स्टिअरिंग बघितलं होतं हो. तुझ्या रिपोर्टात लिहिलंय की त्याने तपासणी केली नाही. केली! जी तपासणी मी त्याला शिकवली, जी तू तुझ्या डेपोला लावून दिलीस, तीच केली. स्टिअरिंगवर लाल नव्हतं. म्हणजे स्विच जागेवर. त्याने ड्रायव्हरला इंजिन आणि एसी चालू करायला सांगितलं, वर चढला, झाकण उचललं आणि पंख्यांच्या मधल्या फटीत डावा हात घालून अर्थची तार चाचपायला लागला. दाब जास्त झालाच तर स्विच तोडेल, ही त्याची खात्री. स्विच कुठून तोडणार? तो तर मुका करून ठेवलेला. सेफ्टी व्हॉल्व्ह उडायच्या आधी जुना पाइप त्याच्या कोपराशी फाटला आणि गॅसबरोबर फिरणारं उकळतं तेल हातभर उडालं. दुसऱ्या कुठल्याही गॅरेजातला माणूस असता तर त्याने कोणावर विश्वास ठेवला नसता, आधी स्विचचा प्लग काढून बघितला असता आणि वाचला असता. हा आपल्या दुकानातला होता म्हणून भाजला.

मागच्या आठवड्यात सेक्रेटरी एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. चौकशी समितीने त्या वायरिंगचा कापलेला तुकडा युनियनला तपासायला दिला होता. बिचारा दारातच घुटमळत होता. तुम्ही साहेबांच्या आई, पण या कामातलं तुमच्याइतकं कळणारं दुसरं कोण आहे, असं काहीतरी पुटपुटला. मी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, दिवा ओढला, भिंग घेतलं. जोडायला वापरलेली वायर काळी होती. चार बोटं लांब. स्विचच्या मागे बाकीच्या तारांच्या पोटात दडपलेली आणि वरून काळी टेप. प्लग वरून बघितला तर जागच्या जागी दिसावा असं बेमालूम काम. तोवर मला वाटत होतं, असेल कोणी नवशिक्या. मग टेप बघितली. मिस्त्री डावखुरा, त्याची टेप कायम उलट्या अंगाने फिरते. दुकानात सगळे त्याला त्यावरून चिडवायचे. ही सुलट्या अंगाची होती. आणि तिचं टोक नखाएवढं आत दुमडलेलं होतं.

ते टोक दुमडायला तुला मी शिकवलं. पुढच्या माणसाला टेप उघडायला सोपं जावं, त्याला टोक शोधत बसावं लागू नये म्हणून. तुझ्या डेपोत तसं दुमडणारी दोनच माणसं आहेत, आणि त्यातला एक डावखुरा आहे. एसी बंद पडायचा थांबला तो रविवारी दुपारपासून, आणि रविवारी मिस्त्रीची साप्ताहिक सुट्टी असते, मला विचारायची गरजसुद्धा पडली नाही. बाह्या सरसावून तू स्वतः गाडीत शिरला असशील. दोन फेऱ्यांपुरतं करू, संध्याकाळी काढू, असं म्हणाला असशील. संध्याकाळी मीटिंग निघाली असेल. मला सगळं दिसतं रे, मी तुला जन्म दिलाय. आणि रडू मला कशाचं आलं सांगू? लपवाछपवी करतानाही तुझ्या हाताने पुढच्या माणसाची सोय बघितली. डोक्याने मात्र त्या माणसाचा विचार केला नाही.

सेक्रेटरीने विचारलं, बाई, काय वाटतं? मी म्हटलं, सोमवारी तिथे येऊन सांगेन. तो निघाला, आणि जिना उतरताना त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला त्याच्या पाठीकडे बघूनही कळलं. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. साठी उलटल्यावर, आयुष्यभर या धंद्यात पुरुषांच्या नाकावर टिच्चून उभी राहिल्यावर, तुझ्यामुळे मला हे ऐकून घ्यावं लागलं, तेही न बोललेलं.

विसरलास याचा मला राग नाही. मीही विसरले होते, वर लिहिलंच आहे. राग आहे तो काळ्या वायरचा. लाल वायर बांधली असती तर ड्रायव्हरला दिसली असती, तक्त्यात गाडी उभी दाखवावी लागली असती, म्हणून तू आपलीच रीत मोडलीस आणि वरून टेप लावलीस. आणि त्याहून मोठा राग त्या रिपोर्टचा. अपघात झाल्या क्षणी तुला कळलं असणार. हॉस्पिटलात त्याच्या उशाशी फळं ठेवून, परत ऑफिसात जाऊन, तू त्या दोन ओळी टाइप केल्यास. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा सहीशिक्क्याच्या असतात हे मला माहीत नव्हतं. फळं मी बघितली. पिशवीवर तुझ्या डेपोसमोरच्या दुकानाचं नाव होतं. टेपचं तेव्हा ठाऊक नव्हतं, पण तुझ्या त्या 'थोडं'च्या रागाने मी त्यातलं एकही त्याला खाऊ दिलं नाही, उचलून वॉर्डातल्या आयांना वाटून टाकली.

आणि हे पहिल्यांदाच नाही. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला सुट्टीत तू दुकानात बसायचास. एका डॉक्टरांच्या गाडीच्या कंडेन्सरचा पंखा तू उलटा जोडलास. दोन तारांची अदलाबदल, पंखा हवा खेचायच्या ऐवजी बाहेर फेकायला लागला. मिस्त्री प्रत्येक पंख्यासमोर जाळीला कागदाचा कपटा लावून बघायचा, चिकटला तर ठीक. तू कपटा लावला नाहीस. गाडी रस्त्यात तापून बंद पडली आणि डॉक्टर दुकानात येऊन चार गिऱ्हाइकांसमोर तोंडाला येईल ते बोलले. मिस्त्री पुढे झाला आणि म्हणाला, माझ्या हातून झालं. मी त्याला सगळ्यांदेखत झापलं. तू मागे उभा होतास, हातात मल्टिमीटर, आणि गप्प होतास. संध्याकाळी जॉबकार्ड बघताना मला कळलं की त्या दिवशी मिस्त्री दुसऱ्याच गाडीवर होता. तुझी परीक्षा तोंडावर होती. मी कार्ड मिटलं आणि मीही गप्प बसले. मिस्त्रीची माफीही मागितली नाही. हा राग तुझ्यावरचा नाही, हा माझ्यावरचा आहे, आणि तो या सगळ्यांत जुना आहे. कोणीतरी पुढे होऊन आपलं निस्तरतं हे त्या दिवशी तू शिकलास, आणि शिकवणारी मी होते.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. आज दुपारी मिस्त्री आला. उजव्या हातात कोरे कागद आणि पाकीट. म्हणाला, बाई, पेन धरवत नाही, तुमचं अक्षर चांगलं आहे, माझ्या नावाने चार ओळी लिहून द्या की डायरेक्ट मीच केलं होतं, चूक मला मान्य आहे. सेक्रेटरीने तो तुकडा आधी त्यालाच दाखवला होता. दुमडलेलं टोक माझ्याआधी त्याने बघितलं आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. तुमच्या पोराची बढती आहे, माझी नोकरीची चारच वर्षं राहिलीत, म्हणतो. मी ओरडले, भांडले, दार दाखवलं, तो ढिम्म. शेवटी म्हटलं, बस, लिहिते. तो बाहेरच्या खोलीत बसलाय आणि त्याला वाटतंय की मी आत त्याची कबुली लिहितेय. मी पाकीट चिकटवून त्याच्या हातात देणार आहे, वाटेत उघडायचं नाही म्हणून सांगणार आहे, आणि उद्या सकाळी तो ते स्वतः तुझ्या टेबलावर आणून ठेवेल. इतक्या वर्षांत मी त्याच्याशी खोटं बोलले नव्हते. ते पहिलं खोटंही तुझ्याच खात्यावर. सोमवारी अकराला मी भिंग घेऊन समितीसमोर येणार आहे आणि दिसलं ते सांगणार आहे, पण माझ्या आधी तुझं बोलून झालेलं असावं असं मला फार वाटतं. तर साहेब, तू हे वाचतोयस तेव्हा तो टेबलापलीकडे उभा आहे, आणि त्याची कबुली तू वाचतोयस असं त्याला वाटतंय. आता मान वर कर. आधी त्याला बसायला खुर्ची दे.

तुझीच,
आई